तिसऱ्या घंटेनंतर: नाट्यसमीक्षा आणि नाट्यवार्ता लिहू पाहणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी एक संशोधक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. नव्वदच्या दशकातल्या एका प्रायोगिक नाटकाच्या नेपथ्याबद्दल तिला माहिती हवी होती. नाटकाचं चित्रीकरण झालेलं नव्हतं, नेपथ्यकार हयात नव्हते. फोटो दोनच, आणि दोन्हींत नुसते नटांचे चेहरे. ‘तुम्ही तेव्हा परीक्षण लिहिलं होतं ना?’ मी कात्रण काढून दिलं. ७५० शब्द होते आणि त्यांत नेपथ्यावर एकच वाक्य: ‘नेपथ्य नाटकाच्या प्रकृतीला साजेसे.’ ती ते वाक्य वहीत उतरवून घेऊ लागली आणि मला तिच्याकडे बघवेना.

पडदा पडला की प्रयोग संपतो. संहिता छापली जाते, नाट्यपदं ध्वनिमुद्रित होतात, पण त्या रात्री दार कुठे होतं, नटी कुठल्या वाक्यावर वळली, प्रेक्षक कुठे गप्प झाले, हे कुणीतरी लिहून ठेवलं नाही तर कायमचं जातं. तुमचं मत वाचकाला तिकीट काढायचं की नाही ते ठरवण्यापुरतं उपयोगी. तुमची नोंद पन्नास वर्षांनीही कुणाच्या तरी कामाची असते. म्हणून आधी नोंद आणि मग मत. पुढचं सगळं याच क्रमाने सांगते.

जाहिरातीचं पान

नाट्यवार्ता करायची तर वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान रोज वाचायची सवय लावा. प्रसिद्धिपत्रक येण्याच्या कितीतरी आधी बातमी तिथे आलेली असते. मागच्या आठवड्यात चार प्रयोग होते आणि या आठवड्यात एकच आहे. नटांच्या नावांचा क्रम बदलला आहे, एखादं नाव गळालं आहे. प्रयोग क्रमांक छापणाऱ्या नाटकाने तो छापणं बंद केलं आहे. या प्रत्येकामागे काहीतरी घडलेलं असतं. एक वही करा, तीत नाटक, नाट्यगृह, वार, वेळ आणि प्रयोग क्रमांक मांडत जा. तीन महिन्यांत तुम्हाला निर्मात्याच्या हिशेबनिसाइतकं कळायला लागेल.

नाट्यगृहांचे वारही लक्षात ठेवा. पुण्यात दुपारी १२.३०, सायंकाळी ५.३० आणि रात्री ९.३० अशा वेळांची जुनी सवय आहे. मुंबईत शनिवार-रविवारी एकच संच दुपारी एका नाट्यगृहात आणि रात्री भलत्याच टोकाला प्रयोग करतो, आणि मध्ये नेपथ्याचा टेम्पो वाहतुकीत अडकलेला असतो. रात्रीच्या प्रयोगाला सुरुवात उशिरा झाली तर कारण बऱ्याचदा हेच असतं. ते ठाऊक असलं की ‘ढिसाळ नियोजन’ असं लिहिण्याआधी तुम्ही एकदा चौकशी कराल.

जाण्याआधी

नवं नाटक असेल तर संहिता मागून वाचू नका. प्रेक्षकाला जे पहिल्यांदा दिसणार ते तुम्हालाही पहिल्यांदाच दिसू दे. जुनं नाटक नव्याने येत असेल तर मात्र संहिता दोनदा वाचून जा, म्हणजे कात्री कुठे लागली आणि काय नवं घातलं ते बसल्या जागी कळतं. रूपांतर असेल तर मूळ नाटक शोधा. समीक्षक माधव मनोहरांचा नाटकवाल्यांमध्ये दरारा होता तो याच कारणाने. परकी नाटकांचं त्यांचं वाचन अफाट होतं आणि एखाद्या मराठी नाटकाचं मूळ कुठे आहे ते ते नेमकं दाखवून देत. जाहिरातीत ‘रूपांतर’, ‘आधारित’, ‘प्रेरित’ यांपैकी कुठला शब्द आहे ते पाहा, आणि कुठलाच नसेल तर जास्त बारकाईने पाहा.

शुभारंभाचा प्रयोग पाहावा की पाचवा? बातमीसाठी शुभारंभाला जा. परीक्षणासाठी चार-पाच प्रयोग होऊ द्या, असं माझं मत आहे. पहिल्या प्रयोगाला निम्मं प्रेक्षागृह नातेवाईक, मित्र आणि धंद्यातल्या लोकांनी भरलेलं असतं. तिथल्या हशावर आणि टाळ्यांवर विसंबता येत नाही. शिवाय नट अजून वाक्यं आठवत असतात, प्रकाशाचे संकेत चुकत असतात. संपादक थांबायला तयार नसेल तर शुभारंभावर लिहा, पण कितवा प्रयोग आणि कुठल्या नाट्यगृहात पाहिला हे लेखात नोंदवा. ते नोंदवणं प्रत्येक परीक्षणात सक्तीचं आहे असंच समजा.

तिकीट शक्यतो स्वतःच्या पैशाने काढा. मानार्थ प्रवेशिका घेणं पाप नाही, आणि पगाराशिवाय लिहिणाऱ्याला दर आठवड्याला तीन तिकिटं परवडत नाहीत हे मला माहीत आहे. पण पैसे मोजून बसल्यावर तुम्हाला वाचकाची नजर येते. प्रवेशिका घेतलीत तर पहिल्या रांगेत बसवून घेऊ नका. तिथून नटांचे पाय दिसतात, रंगमंचाची चौकट दिसत नाही. आठव्या ते बाराव्या रांगेत, मध्यापासून थोडं बाजूला, ही माझी जागा. वर्षातून काही नाटकं बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून पाहा. सगळ्यांत स्वस्त तिकीट काढणाऱ्याला काय ऐकू आलं, हे लिहायला बाकी कुणी तिथे बसत नाही.

बायकांना वेगळं सांगायला हवं. रात्रीचा प्रयोग साडेअकराच्या पुढे सुटतो. जाण्याआधी परतीची गाडी, रिक्षातळ आणि सोबत ठरवून ठेवा. उशीर होईल म्हणून शेवटचा प्रवेश सोडून उठून आलेल्या मुली मला माहीत आहेत, आणि त्यांची हळहळही माहीत आहे. दुपारचा प्रयोग असेल तर तोच घ्या. नाटक तेच असतं.

अंधारात लिहिणं

मोबाइलवर टिपू नका. त्या उजेडाचा त्रास शेजारच्याला होतो आणि रंगमंचावरच्या नटालाही. छोटी वही, मऊ पेन्सिल, एका पानावर तीन-चारच शब्द, मोठ्या अक्षरात. डावा अंगठा ओळीवर ठेवायचा आणि लिहिलं की खाली सरकवायचा, म्हणजे ओळी एकमेकींवर चढत नाहीत. मान खाली घालायची नाही. महिन्याभरात हात बसतो.

काय टिपायचं? तिसरी घंटा किती वाजता झाली आणि पडदा किती वाजता उघडला. पडदा उघडताच दिसलेलं पहिलं चित्र: दारं किती, कुठे, जिना आहे का, कुठलं फर्निचर वापरात आहे आणि कुठलं नुसतं शोभेला. पहिला अंक किती मिनिटांचा. हशा कुठल्या वाक्यावर आला आणि कुठल्या वाक्यावर यायला हवा होता पण आला नाही. प्रेक्षक चुळबुळ कधी करू लागले. प्रकाश कुठल्या बाजूने येतोय, रंग कधी बदलतो. लक्षात राहणारं वाक्य ऐकलंत तर चार शब्द टिपा, पण लेखात ते अवतरणात घालण्याआधी लेखकाकडून किंवा निर्मात्याकडून तपासून घ्या. कान फसवतो.

मत टिपू नका. ‘कंटाळवाणं’ असं लिहिलंत तर दुसऱ्या दिवशी त्या शब्दातून काहीच परत मिळत नाही. ‘९.५२, पत्र वाचन, तिघं उभे, कुणी हलत नाही, खोकल्याचे आवाज’ असं लिहिलंत तर कंटाळा का आला तेही परत मिळतं.

मध्यंतरात निर्माता भेटायला येईल. नमस्कार करा, चहा घ्या, नाटकावर बोलू नका. त्यापेक्षा बटाटेवड्याच्या रांगेत उभे राहा आणि ऐका. लोक तिथे मोकळे बोलतात. त्यांचं मत उचलायचं नाही, पण त्यांना कथा कुठे कळली नाही ते कळतं, आणि ती अडचण खरी आहे का ते दुसऱ्या अंकात पारखता येतं. प्रयोग सुटल्यावर रंगपटात जाऊन कलाकारांना भेटायची आपल्याकडे प्रेमळ रीत आहे. ज्या नाटकावर लिहायचं आहे त्याच्या रंगपटात मी त्या रात्री जात नाही. नटाचा घामेजलेला, उत्सुक चेहरा समोर आला की मी खोटं बोलते, आणि बोललेलं मग लेखात उतरतं.

त्याच रात्री, झोपण्याआधी

घरी आल्यावर अर्धा तास बसा. पेन्सिलीचे शब्द उलगडून पूर्ण वाक्यांत लिहा. सकाळपर्यंत ठेवलंत तर निम्मे शब्द परके होतात. मग रंगमंचाचा नकाशा काढा, चित्रकला येत नसली तरी. मग डोळे मिटून तीन क्षण आठवा, वहीत न बघता. हे तीन क्षण बहुतेक वेळा लेखाचा कणा होतात.

यानंतरचं काम सगळ्यांत कठीण आणि मला सगळ्यांत आवडणारं. जे दिसलं ते कुणाचं, हे ठरवणं. समजा, मुलगी घर सोडून जाते आहे असं सांगते. वडील हातातल्या वर्तमानपत्राची घडी घालतात. घडी चुकते. ते पुन्हा उलगडतात, कडा जुळवून नीट घालतात, टीपॉयवर ठेवतात आणि तोवर एक शब्द बोलत नाहीत. ही घडी कुणाची? लेखकाने रंगसूचनेत लिहिली होती, दिग्दर्शकाने बसवली की नटाला तालमीत सापडली? पहिल्या प्रयोगात हे ओळखता येत नाही. दुसरा प्रयोग पाहा. घडी तितकाच वेळ घेते का, मुलगी तोवर कुठे बघते, दिवा वडिलांवर सावकाश एकवटतो का? मुलीची नजर आणि दिवा दोन्ही घडीशी जुळवलेले असतील तर ती दिग्दर्शकाने बांधलेली आहे. बाकी सगळं तसंच राहून घडी रोज वेगळी येत असेल तर श्रेय नटाचं. ‘दिग्दर्शन सफाईदार, अभिनय समर्थ’ असं लिहून दोघांना समान वाटा देणं सोपं आहे, पण त्यात दोघांवरही अन्याय होतो.

दोषाचंही तेच. वाक्य ऐकू आलं नाही. आवाजाची फेक कमी होती, माइक बिघडला होता, की दिग्दर्शकाने नटाला पाठमोरं उभं केलं होतं? पहिल्यात नटाला सांगायचं, दुसऱ्यात नाट्यगृहाला, तिसऱ्यात दिग्दर्शकाला. तुमच्या एका चुकीच्या वाक्याने नटाला पुढचं काम मिळणं अवघड होऊ शकतं. रिप्लेसमेंटवर आलेल्या नटाबाबत तर दुप्पट काळजी घ्या. त्याला अनेकदा चार-दोन तालमीच मिळालेल्या असतात, आणि आधीच्या नटाच्या जागा आणि हालचाली त्याला तशाच घ्याव्या लागतात. तुलना करायचीच असेल तर दोघांचे प्रयोग पाहिलेले हवेत.

संगीत नाटकाला वेगळा कान लागतो. पद प्रसंगातून उगवलं की गाण्यासाठी प्रसंग थांबवला? तानेत शब्द बुडाला का? ऑर्गन आणि तबला गायकाला उचलत होते की झाकत होते? पद संपल्यावर नट पात्रात परत किती वेळात आला? वन्समोअर मिळाला हे लिहाच, पण दुसऱ्यांदा त्याने तेच गायलं की वेगळं, तेही लिहा.

लेख

कथानक एक तृतीयांशापेक्षा जास्त जागा खाऊ लागलं तर कापा, आणि शेवट फोडू नका. सुरुवात नाटकाच्या विषयावरच्या प्रवचनाने करू नका. आजची कुटुंबव्यवस्था, बदलती मूल्यं वगैरे दोन परिच्छेद लिहून झाले की नाटकाला जागा उरत नाही. आठवलेल्या तीन क्षणांपैकी एक उचला आणि तिथून आत शिरा.

काही शब्द मी स्वतःला बंद केले आहेत: सहजसुंदर, साजेसं, पूरक, समर्थपणे पेललं, दाद द्यावी लागेल, उत्तम साथ. यातला एकही शब्द आला की थांबायचं आणि विचारायचं, मी काय पाहिलं म्हणून हा शब्द सुचला? ते पाहिलेलं लिहायचं. ‘प्रकाशयोजना पूरक’च्या जागी ‘दुसऱ्या अंकात खिडकीतून येणारा उजेड प्रवेशागणिक खाली उतरत जातो आणि शेवटी फक्त आजीच्या पायांवर उरतो’ एवढं लिहिलंत तर प्रकाशयोजनाकाराचा मान राहतो आणि वाचकाला चित्र दिसतं.

याचा दुसरा फायदा असा की जाहिरातीत तुमचे शब्द तोडून वापरता येत नाहीत. ‘अप्रतिम कल्पना, पण फसलेली मांडणी’ असं लिहिलंत की रविवारी ‘अप्रतिम!’ एवढंच छापून येतं. माझ्या बाबतीत हे झालं आहे. फोन करून शांतपणे मजकूर बदलायला सांगितलं, त्यांनी बदलला. तुम्हीही सांगाच, गप्प बसू नका.

नावं तपासा. नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, वेशभूषा या सगळ्यांची नावं बरोबर हवीत. नटाचं नाव चुकलं तर दहाजण कळवतात, रंगभूषाकाराचं चुकलं तर कुणी कळवत नाही आणि तीच चूक नोंदीत राहते. तथ्याची चूक कुणी दाखवली तर त्याच दिवशी दुरुस्त करा. मतावर कुणी रागावलं तर ऐकून घ्या, आणि मत नाटक पुन्हा पाहून बदललं तरच बदला. पन्नासाव्या किंवा शंभराव्या प्रयोगाला परत जा. जमलेलं नाटक तोवर सैल पडलेलं असतं किंवा अडखळणारं नाटक रुळलेलं असतं, आणि हे लिहिणारे फार थोडे आहेत.

शिकायचं कुठे

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत. १९५४ पासून ही स्पर्धा चालू आहे आणि नव्या समीक्षकाला याहून चांगली शाळा मी पाहिलेली नाही. आपल्या जवळचं केंद्र धरा आणि रोज जा, एकही नाटक चुकवू नका. बँकेत, शाळेत, महावितरणमध्ये नोकरी करणारी माणसं संध्याकाळी तालमी करून उभं केलेलं नाटक घेऊन येतात. त्यांना व्यावसायिक नाटकाच्या मापाने मोजू नका, पण कौतुकाची खिरापतही वाटू नका. त्यांना खरं ऐकायचं असतं. रात्री अकराच्या आत २५० शब्द पाठवायचे, सलग दोन-तीन आठवडे. लेखणीवरची सगळी चरबी उतरते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने याच स्पर्धेत केलं होतं. तुमच्या केंद्रावर त्या रात्री काय घडलं याची नोंद बहुधा तुमच्याशिवाय कुणाकडेच नसेल.

आणि मुंबई-पुण्याच्या बाहेर पडा. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात झाडीपट्टीचा, म्हणजे तिथल्या स्थानिक रंगभूमीचा, हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असला की गावात रात्रभर नाटक. कंपन्यांचं मोठं केंद्र म्हणजे वडसा, अर्थात देसाईगंज. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कितीतरी शहरी वाचकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला, याची मला खंत वाटते, कारण ते काम आमचं होतं. तिथे जाताना गरम कपडे घ्या, पहाटेपर्यंत बसायची तयारी ठेवा आणि शेजारी बसलेल्या आजीला विचारा की ही कंपनी गेल्या साली काय करून गेली. दक्षिण कोकणातल्या दशावतारात तर संवाद लिहिलेलेच नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. संहिता आधी आणि प्रयोग नंतर हा आपला हिशेब तिथे मोडतो. तो मोडलेला पाहणं समीक्षकाच्या तब्येतीला फार चांगलं.

बातमी

मुहूर्ताचा नारळ फुटला, शंभरावा प्रयोग झाला, या बातम्या येतच असतात आणि त्या थोडक्यात द्याव्यात. खरी नाट्यवार्ता इमारतींमध्ये, तारखांमध्ये आणि पैशांत असते.

नाट्यगृहाची फेरी मारा. महिन्यातून एकदा, प्रयोग नसताना. महिला रंगपटातलं स्वच्छतागृह, वातानुकूलन, जनरेटर, आग विझवायची साधनं आणि त्यांवरच्या तारखा, चाकाची खुर्ची आत येते का. नाट्यगृह महापालिकेचं असेल तर अंदाजपत्रकात दुरुस्तीला किती रक्कम धरली आणि किती खर्च झाली ते काढा. न मिळाल्यास माहिती अधिकारात अर्ज टाका. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली ती वास्तू जळताना पाहून लोक रस्त्यावर रडत होते. आगीनंतरची बातमी सगळेच करतात. साधनांवरच्या तारखांची बातमी आग लागण्याआधी करायची असते, आणि ती करायला फक्त एक दुपार लागते.

तारखांचं वाटप समजून घ्या. शनिवार-रविवारच्या तारखा कुणाला किती मिळाल्या, कुणाच्या परत गेल्या, नाट्यगृह लग्नाला आणि मेळाव्याला किती दिवस दिलं गेलं. यात तक्रार करणारा निर्माता असतोच, त्याची बाजू छापण्याआधी व्यवस्थापकाचं रजिस्टर पाहा. ‘हाउसफुल्ल’ची पाटी दिसली तर तिकीट खिडकीवरचा प्लॅन पाहा, ऑनलाइन आसनांचा नकाशा पाहा, आणि प्रयोग सुरू झाल्यावर बाल्कनीतून रांगा मोजा. कॉन्ट्रॅक्ट शो असेल तर तसं लिहा. एखाद्या संस्थेने आख्खा प्रयोग विकत घेणं आणि प्रेक्षकांनी खिडकीवर रांग लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. एखादं नाटक अडलं असं ऐकलंत तर अफवेवर जाऊ नका. मंडळाने काय लेखी दिलं, कुठली वाक्यं कापायला सांगितली, ते कागदावर पाहिल्याशिवाय ‘बंदी’ हा शब्द लिहू नका.

निधनाची बातमी घरच्या माणसाने किंवा दोन स्वतंत्र जवळच्यांनी सांगितल्याशिवाय द्यायची नाही, व्हॉट्सॲपवर कितीही फिरत असली तरी. ज्येष्ठ रंगकर्मींचं टिपण आधीपासून तयार ठेवा. यात काही अशुभ नाही. घाईत लिहिलेल्या श्रद्धांजलीत भूमिकांची सालं चुकतात आणि तीच चूक पुढे सगळीकडे जाते.

नाती आणि पैसे

या कामावर घर चालत नाही. नोकरी, भाषांतर, शिकवणी, काहीतरी जोडीला हवंच. म्हणूनच प्रलोभनं छोटी आणि प्रेमळ असतात. स्मरणिकेत लेख लिहा, माहितीपत्रकाचा मजकूर करून द्या, दौऱ्यावर बसमध्ये चला. ज्या निर्मितीसाठी तुम्ही पैसे घेऊन एक ओळ लिहिली, तिचं परीक्षण करू नका, दुसऱ्याला द्या. स्वतः नाटक लिहायला हरकत नाही. जयंत पवार नाटककारही होते आणि समीक्षकही, आणि दोन्ही कामं त्यांनी पूर्ण जीव ओतून केली. पण नातं असेल तर ते वाचकाला त्याच लेखात सांगा.

खोकं

प्रत्येक नाटकाचं एक कार्ड करा: तारीख, नाट्यगृह, प्रयोग क्रमांक, तिकीट दर, संपूर्ण श्रेयनामावली, अंकांची मिनिटं, रंगमंचाचा नकाशा. त्याला तिकिटाचा तुकडा, जाहिरातीचं कात्रण आणि पेन्सिलीची मूळ पानं टाचणीऐवजी दोऱ्याने बांधा, टाचणी गंजते. वर्षाचं एक खोकं, वर साल. मोबाइलने फोटो काढून दुसऱ्या ठिकाणीही ठेवा, पण कागद टाकू नका. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात, खोकी एकदा उघडून कागद गच्चीवर पसरायचे, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पुन्हा भरायचे. कसर आधी जाहिरातीच्या कागदाला लागते, म्हणून ती कात्रणं आधी तपासा.